काही तक्रार नाही

१० नोव्हेंबर, रविवार

नवघरच्या घरातला गॅसचा गीझर आज काढून टाकला. गेला आठवडाभर तो माझ्या डोक्यात बसला होता. ऑफिसात अपघाताच्या क्लेमची एक फाईल आली होती. वसईकडचं भाड्याने राहणारं जोडपं, लग्नाला वर्षही झालेलं नाही. बंद बाथरूम, गॅस गीझर, खिडकीच्या काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं. माझं काम फक्त कागद पूर्ण आहेत का ते बघायचं. कागद पूर्ण होते. फाईल मी पुढे पाठवली, पण नंतर सारखं आमचं नवघरचं बाथरूम डोळ्यांसमोर येत राहिलं. तिथली खिडकीही एवढीशीच आहे.

भाडेकरूंचा गीझर बदलायचा म्हटल्यावर जितेंद्र म्हणाला, "तू त्यांची घरमालकीण आहेस की सासू?"

टाकीचा गीझर त्या बाथरूममध्ये मावत नाही. म्हणून विजेचा शॉवर घेतला. शॉवरच्या डोक्यातच पाणी तापतं, भिंतीवर काही टांगायला नको. नवघर नाक्यावरच्या रामू इलेक्ट्रिशियनने चहा उकळेपर्यंत बसवूनही दिला. आम्ही तिथे राहायचो तेव्हापासून तोच आमची कामं करतो. मी विचारलं, "सगळं नीट आहे ना रे?" तो म्हणाला, "टकाटक, मॅडम. हात लावून बघा." मी दारातूनच हात पुढे केला. पाणी छान गरम होतं.

चहा जागृतीने केला होता, पुदिना घालून. ती, तिचा नवरा परेश, त्यांची मुलगी अनुष्का आणि परेशची आई इंदुबेन, जागृतीची 'बा'. मार्चपासून राहतायत. परेश भाईंदर पश्चिमेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. जागृती भाईंदरचीच, मराठी आपल्यासारखं बोलते. सगळ्यांना बसवून मी नीट सांगितलं, "हे बघा, वस्तू माझी आहे, बसवली मी आहे, जबाबदारी माझी. कसलाही बिघाड वाटला तर लगेच कळवायचं. असुरक्षित घरात मी कुणाला एक दिवसही राहू देणार नाही. दुर्गालाही दिलं नव्हतं."

दुर्गा यांच्या आधीची भाडेकरू, नर्स. स्लॅबमधून पाणी झिरपतंय असं तिने बिचारीने प्रामाणिकपणे सांगितलं आणि मी त्याच आठवड्यात तिला दुसरीकडे हलायला लावलं. डिपॉझिट पूर्ण परत केलं, टेम्पोसुद्धा मीच ठरवून दिला. काम झालं की परत ये, म्हटलं होतं. आली नाही. चांगली मुलगी होती.

परेश घाईघाईने म्हणाला, "नहीं नहीं मॅडम, एकदम बढिया है. कुछ कंप्लेंट नहीं." अजून त्याने शॉवर वापरलाही नव्हता. फार भिडस्त माणूस.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

जागृतीला फोन केला. "पाणी मस्त तापतं, ताई. काही तक्रार नाही." अनुष्काला शॉवर आवडला का, विचारलं. "ती नाही जात त्याच्याखाली. बादलीच बरी म्हणते."

मुलांना नव्या वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो. कौस्तुभ लहान असताना मिक्सर लावला की गॅलरीत पळायचा. आता पुण्यात होस्टेलवर स्वतः चटण्या वाटतो म्हणे.

८ डिसेंबर, रविवार

बिल्डिंगच्या रंगकामासाठी मालकांच्या सह्या हव्या होत्या म्हणून नवघरला गेले. सेक्रेटरींकडून निघून वर डोकावले.

काय टापटीप आहे या लोकांची! बाथरूमच्या दाराशी रबरी स्लिपरांची रांग: मोठ्या, मधल्या, एक जोड एवढुशी. आत शॉवरखाली लाकडी पाट. नळाच्या मुठीवर कोरडं फडकं घडी करून टाकलेलं. शॉवरचा स्विच बाहेर पॅसेजमध्ये आहे. मी होते तेव्हा जागृती बादली आणायला निघाली, तर दारातच थांबून तिने हाक मारली, "बंद आहे का?" अनुष्काने स्विचकडे बघून उत्तर दिलं, "बंद छे!" मगच जागृतीने आत पाय टाकला. वीज वाचवण्याची एवढी शिस्त मी आमच्या घरात कधी लावू शकले नाही. कौस्तुभ गीझर चालू ठेवून झोपून जायचा.

"सगळ्यांना स्लिपर?" मी विचारलं.

"बाला पाय गार लागतात," जागृती म्हणाली.

इंदुबेन खुर्चीत बसून मटार सोलत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि परत मटाराकडे वळल्या.

घरी येऊन जितेंद्रला कौतुकाने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाडेकरूंचं बाथरूम तपासून आलीस? आता पुढच्या खेपेला त्यांच्या पोळ्या फुगतात का तेही बघून ये." चिडवत होता, पण मला ते लागलं. घर भाड्याने दिलं म्हणजे दाराआत डोकवायचा हक्क राखून ठेवला असं नाही. यापुढे त्यांनी बोलावल्याशिवाय आत जायचं नाही. ठरवलं.

२२ डिसेंबर, रविवार

जागृती आणि अनुष्का संध्याकाळी आल्या. जेसल पार्कला खाडीवर फिरायला आल्या होत्या, येताना मेथीचे थेपले आणले. आमच्याकडे लोक भाडेकरूंबद्दल काय काय सांगतात, आणि माझे भाडेकरू मला थेपले आणून देतात. हे मी कशामुळे मिळवलं असेल? नियमाने वागते म्हणून असेल.

अनुष्काचे हात चिकट झाले होते. तिला बेसिनशी नेलं. तिने नळ उघडायच्या आधी बोट उलटं करून, नखाच्या बाजूने, नळाला दोनदा चटकन लावलं आणि काढलं. जशी आपण इस्त्री तापली का बघतो तशी. मग उघडला.

"काय गं, नळ गरम आहे का आमचा?"

ती आईकडे बघायला लागली. जागृती म्हणाली, "खेळ आहे तिचा." मुलांचे असे खेळ असतात. मीसुद्धा लहानपणी फरशीच्या रेघांवर पाय पडू द्यायची नाही.

५ जानेवारी, रविवार

करार जानेवारीअखेर संपतो. जयकुमार दलाल नव्या कराराचा मसुदा घेऊन आला होता. त्यात नेहमीचं कलम: विजेच्या उपकरणांची देखभाल भाडेकरूने करावी. मी म्हटलं, हे काढा.

"क्यूं मॅडम? सब लोग येही लिखते हैं."

"शॉवर मी बसवलाय. मग देखभाल त्यांनी का करायची?"

जितेंद्र पेपरामागून म्हणाला, "बल्ब गेला की शिडी घेऊन तूच जा."

बल्ब वेगळा, शॉवर वेगळा. बरीच खाडाखोड करून मी लिहिलं: 'शॉवर, त्याची जोडणी व वायरिंग ही सर्वस्वी मालकाची जबाबदारी राहील. दोष आढळल्यास दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत सुरक्षिततेसाठी जागा रिकामी करावी लागेल.' दुसरं वाक्य लिहिल्यावर मला हलकं वाटलं. त्या वसईच्या घरमालकाने असं काही लिहिलं असतं तर, असं मनात आलं.

जयकुमारने वाचलं आणि मोठ्याने हसला. "मॅडम, ये लिख दिया ना, तो आपके घर में कभी कोई दोष निकलेगाच नहीं. गॅरंटी."

मी म्हटलं, घर तसं मजबूतच आहे. तर तो आणखी हसला.

रात्री त्याचा निरोप आला. परेशला सगळं मंजूर आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

सकाळी परेशचा फोन. "मॅडम, मम्मी बाथरूम में गिर गयी." इंदुबेनना ॲम्ब्युलन्सने नेलं. खुब्याचं हाड मोडलं आहे. ऑपरेशन करावं लागेल.

कसं झालं विचारलं. "पैर फिसल गया." मग तो स्वतःच म्हणाला, "घर का कुछ प्रॉब्लेम नहीं है मॅडम. घर एकदम ठीक है."

आई हॉस्पिटलात, आणि त्याला माझ्या घराची काळजी. तिळगूळ करून ठेवला होता, खावासा वाटला नाही.

१५ जानेवारी, बुधवार

ऑफिस सुटल्यावर हॉस्पिटलला गेले. ऑपरेशन परवा. इंदुबेनना औषधाने गुंगी होती, पण मला ओळखलं. म्हणाल्या, "हुं तो लोटो भरती हती." मी तर तांब्या भरत होते. तेवढंच दोनदा म्हणाल्या. जागृतीने लगेच त्यांचं पांघरूण सारखं केलं.

उजवा हात बाहेर होता. तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, पांढरट वाळका डाग, कडा जराशी काळी.

"हे काय झालं?"

"पापड भाजताना," जागृती म्हणाली.

"अच्छा," मी म्हटलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

ऑपरेशन नीट झालं.

येताना स्टेशनसमोरच्या दुकानातून रबरी मॅट घेतली. खालच्या बाजूला चोषक असतात, फरशीला घट्ट बसते. हे मी आधीच करायला हवं होतं. घरात म्हातारं माणूस आहे हे माहीत असताना गुळगुळीत लादीचा विचार मी का केला नाही? गॅसचा केला, घसरण्याचा नाही. आपण ज्याची फाईल वाचतो त्यालाच भितो.

पापड तळव्याने कुणी भाजत नाही. हे वाक्य मी परवा लिहिलं नाही, आज लिहितेय. पण लिहून पुढे काय?

१९ जानेवारी, रविवार

जसं झालं तसंच लिहायचा प्रयत्न करते.

मॅट घेऊन गेले. परेश हॉस्पिटलात होता. जागृतीने दारातच हात पुढे केला. "द्या ताई, मी टाकते. तुम्ही बसा."

"तुझ्यामागे काय कमी कामं आहेत?" म्हणत मी चपला दाराशी काढल्या आणि तशीच आत शिरले. शॉवर चालू होता, बादली भरत होती. लादी ओली होती. मॅट टाकायची म्हणून नळ बंद करायला मी हात पुढे केला.

"आंटी! चप्पल!"

अनुष्का एवढ्या जोरात ओरडली की मी हात मागे घेतला. ती दारात उभी होती, आजीची मोठी स्लिपर माझ्यापुढे धरून. "आधी ही घाला. आणि फडकं घ्या. नाहीतर झटका बसतो."

जागृतीने तिच्या पाठीत धपाटा घातला. "खोटं बोलते, ताई! टीव्हीवर काहीतरी बघते आणि..." पोर रडली नाही. ती वळली, पॅसेजमधला स्विच तिने बंद केला आणि रोजच्यासारखं म्हणाली, "बंद छे."

जागृती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्यासमोर बसले. पाय ओलेच होते.

"कधीपासून?"

"लावला ना तुम्ही, त्याच आठवड्यात. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. नंतर जास्त. मग आम्ही पाट आणला."

"आणि बा?"

"उत्तरायण होती. सूर्याला पाणी द्यायचं, तर पायात चप्पल कशी घालणार? म्हणून काढली. रोज प्लास्टिकचा मग असतो. त्या दिवशी तांब्याचा लोटा काढला, पूजेतला. बाहेरून स्विच बंद करायला मी उभी असते. त्या दिवशी मी तीळ भाजत होते."

ती एवढंच बोलली, आणि मग खूप वेळ रडली.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. माझ्या आवाजात राग होता, हे मला कबूल केलं पाहिजे.

"तुम्हीच म्हणाला होतात ना."

"काय म्हणाले होते?"

"की काही निघालं तर एक दिवस राहू देणार नाही. दुर्गाला नाही दिलं. ती खालच्या मजल्यावर सगळ्यांना सांगून गेली होती, ताई, की पाणी गळतं म्हटलं आणि घर गेलं. मग तुम्ही कागदावर पण लिहिलं."

"अगं, ते तुमच्यासाठी लिहिलं होतं."

"हो," ती म्हणाली. माझ्यावर विश्वास ठेवून म्हणाली, की मला वाईट वाटू नये म्हणून, कळलं नाही. मग तिने डोळे पुसले. "तीन वर्षांत हे तिसरं घर आहे. अनुष्काची शाळा समोर आहे. झटका काय ताई, थोडाच बसतो. घर जातं ते पूर्ण जातं."

तिथूनच हॉस्पिटलात परेशला फोन लावला. पडण्याआधी विजेचा धक्का बसला होता हे डॉक्टरांना माहीतच नव्हतं. तसाच धावत जाऊन परेशने सांगितलं. त्यांनी हृदयाचा आलेख परत काढला. ठीक आहे म्हणाले, पण हे आधी का नाही सांगितलं म्हणून परेशला ओरडले. परेश सगळं ऐकून घेत होता. ओरडा मला बसायला हवा होता.

२० जानेवारी, सोमवार

रजा घेतली. रामूने येऊन सॉकेट उघडला. तीन पिनांचा आहे, पण तिसरी वायर भिंतीत थोडी आत जाऊन संपते. पुढे कशालाच जोडलेली नाही. गळणारा करंट जमिनीत जाण्याऐवजी पाण्यात, नळात, माणसात.

"बसवताना बघितलं नव्हतंस?"

"पुरी बिल्डिंग का ऐसाच है, मॅडम. आणि पाणी गरम आलं होतं ना? तुम्हीच हात लावून बघितला."

लावला होता. दारात, कोरड्या जागी, चपला घालून. 'सगळं नीट आहे ना' असं विचारलं आणि त्याने हो म्हटल्यावर तपासणी झाली असं धरलं. दुसऱ्यांच्या फाईलींवर मी रोज शेरा मारते: केवळ तोंडी खात्री, पडताळणी नाही.

रामूवर ढकलणं सोपं आहे. त्याच्या कामात चूक आहेच, पण चार जणांना चप्पल घालून अंघोळ करायला रामूने लावलं नाही.

जितेंद्र संध्याकाळी म्हणाला, "हे बघ, लिहून कुणाला काही देऊ नकोस. म्हातारी घसरली असं ते स्वतःच सांगत होते." तो वाईट माणूस नाही. घाबरलेला होता. त्याने ते बोलायच्या आधी तेच वाक्य माझ्याही मनात येऊन गेलं होतं, म्हणून मला त्याच्यावर ओरडता आलं नाही.

तो डाग. असे डाग मी फोटोंमध्ये पाहिलेत, फाईलींमध्ये. विजेच्या. बुधवारी तो पाहिला तेव्हा मला कळलं नव्हतं, की कळत होतं आणि मी 'अच्छा' म्हणून त्यावर पांघरूण ओढलं? सकाळपासून हा प्रश्न मी स्वतःला विचारतेय. दर वेळी वेगळं उत्तर येतं. त्यांनी मला सांगितलं नाही हे खरं. पण न सांगण्याने माझीही सोय होत होती, हेही खरं.

स्लिपरांची रांग बघून मी कौतुक केलं होतं. याच वहीत आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

परेश आला. चहा नको म्हणाला. खिशातून किल्ल्या काढून टीपॉयवर ठेवल्या.

"मॅडम, दस तारीख तक टाइम दे दो. इंद्रलोक में एक रूम देखा है. चौथा माला है, लिफ्ट नहीं है, लेकिन मम्मी को उठाके ले जाऊंगा."

"घर सोडायचं नाहीये, परेशभाई. काम होईपर्यंत अंघोळीला आमच्याकडे या. रिक्षाने पाच मिनिटं."

"और काम के बाद?"

"राहायचं. आहात तसे."

त्याने मान हलवली. ज्याचं बोलणं ऐकून घ्यायचं असतं, पण धरून चालायचं नसतं, त्याच्यापुढे हलवतात तशी. मी किल्ल्या त्याच्याकडे सरकवल्या. त्याने उचलल्या नाहीत. उपचारांचं बोलले, आम्ही करणार म्हटलं. "देखेंगे," म्हणाला.

मग खाली बघत म्हणाला, "लिख के दोगे?"

करार काढून ते दुसरं वाक्य मी खोडलं. खाली लिहिलं: तक्रार केली म्हणून किंवा दुरुस्ती निघाली म्हणून भाडेकरूस जागा सोडण्यास सांगता येणार नाही. त्याने वाचलं. परत वाचलं. माझ्यासमोरच जयकुमारला फोन लावून त्याला वाचून दाखवलं, आणि पलीकडून तो काय म्हणतोय ते ऐकत राहिला. मला त्याचं काही वाटलं नाही, असं लिहिणार होते. वाटलं. पण त्याचं बरोबर होतं.

जाताना किल्ल्या घेऊन गेला.

जितेंद्र आत होता, सगळं ऐकत. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाला, "गीझर रिकामाच असतो आपला सकाळी. त्यांना सातला यायला सांग, अनुष्काची शाळा असेल."

२ फेब्रुवारी, रविवार

काम काल संपलं. शॉवर काढला. पॅसेजमध्ये टाकीचा गीझर बसवला, फक्त पाइप आत. खाली मीटररूमपासून नवी वायर ओढली. करंट गळला की आपोआप बंद पडणारा स्विचही लावला. रामूने नाही, परवाना असलेल्या माणसाने. त्याच्याकडून प्रत्येक नळ मशीनने मोजून घेतला. मी शेजारी उभी राहून आकडे बघत होते, मला ते कळत नसले तरी.

इंदुबेन घरी आल्यात. वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत. पायऱ्या आता कायमच्या कठीण, असं डॉक्टर म्हणालेत.

आज मी गेले तेव्हा बाथरूम कोरडं ठणठणीत होतं. कुणीच वापरलेलं नव्हतं. परेश म्हणाला, "करेंगे, करेंगे." जागृती म्हणाली, "आज सकाळी वेळच नाही झाला." दाराशी स्लिपरा होत्या तशाच रांगेत.

मी घरून टॉवेल आणि कपडे नेले होते. पिशवीतून काढले. "मी करते अंघोळ," म्हटलं.

"ताई!" जागृती ओशाळून हसली. "असं काय करता?"

"डोक्यावरून करणार आहे. शिकेकाई आहे का तुमच्याकडे?"

परेश कुठे बघावं ते न कळून बाल्कनीत गेला. मी चपला बाहेर काढल्या आणि दार लावलं. स्वतःच्याच घरात मी पाहुण्यासारखी उभी होते. लादी गार होती. वायर नवी आहे हे मला माहीत होतं, पैसे मीच दिले होते, आकडे मीच बघितले होते. तरीही नळाकडे हात नेला तेव्हा तो आपोआप उलटा झाला. नखाच्या बाजूने, चटकन, दोनदा.

मी तशीच उभी राहिले. नोव्हेंबरपासून तिने रोज हे केलं होतं, शाळेत जायच्या आधी.

बाहेरून इंदुबेनचा आवाज आला, "गरम आवे छे?"

"आवे छे, बा!" मी ओरडले. माझं गुजराती ऐकून पॅसेजमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मग मी डोक्यावर पाणी घेतलं. आतमध्ये थोडी रडलेही. पाण्यात कळत नाही.

ओले केस घेऊन बाहेर आले. इंदुबेननी मला जवळ बोलावून माझ्या केसांना हात लावून बघितला. त्यांच्या तळव्यावरची खपली निघाली आहे, खाली गुलाबी कातडी आलीये. मी माफी मागायला आले होते, ती मागू शकले नाही. जागृतीला नंतर म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "जाऊ द्या ना ताई," आणि चहा ठेवायला गेली.

माझ्यानंतर अनुष्का आत निघाली. पायात ती एवढुशी स्लिपर. जागृती म्हणाली, "काढ ना गं आता."

तिने माझ्याकडे बघितलं, नळाकडे नाही.

"असू दे," मी म्हटलं. "तिला वाटेल तेव्हा काढेल."

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी ऑफिसात जागृतीचा फोन. मी हातातली फाईल मिटली.

"काही नाही ताई, एक सांगायचं होतं. किचनचा नळ टपकतोय. तसं विशेष नाही, खाली वाटी ठेवलीये."

वर्षभरात त्यांची ही पहिली तक्रार. मला एवढा आनंद झाला की मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर बघितलं. "बरं झालं सांगितलंस. आज संध्याकाळीच माणूस पाठवते."

"घाई नाही."

"नाही, आजच पाठवते."

"बरं." मग ती हसली. "आणि ताई, घर नाही ना सोडावं लागणार?"

ती थट्टाच करत होती. मीही हसले. बाहेर हॉर्न वाजत होते, कुणीतरी झेरॉक्स काढत होतं. आमचं दोघींचं हसून झालं, तरी तिने फोन ठेवला नाही.

"नाही," मी म्हटलं. "नाही लागणार."

मग तिने ठेवला.